रिग्मोर : ऐकू आली नाही

हे मी फारसं कुणाला सांगत नाही. प्रेबेनला, म्हणजे आमच्या मालकाला, एकदा सांगितलं होतं. सगळं ऐकून घेईस्तोवर तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला आठवडाभराची रजा दिली. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवा मात्र असू दे.

थिस्टेड गावात, बंदराच्या धक्क्यापासून दोन गल्ल्या आत, एका बंद पडलेल्या बेकरीच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. आम्ही कानाची मशीनं विकतो, इंटरनेटवरून. त्याआधी वीस वर्षं मी इस्पितळात म्हाताऱ्या माणसांच्या कानांत हीच मशीनं बसवत होते. तिथली जागा गेली, तेव्हा प्रेबेन म्हणाला, "बिर्थे, तुला माणसं कळतात. तू माझ्याकडे अर्ज चाळायला ये."

अर्ज कसले, तर ॲफिलिएटचे. स्वतःची वेबसाइट असलेली माणसं लिहितात, की आमच्या पानावर तुमच्या दुकानाची लिंक लावू, तिथून गिऱ्हाईक आलं तर विक्रीत आम्हाला वाटा द्या. वाटा द्यायला प्रेबेनची ना नसते. पण माणूस खरा हवा, पान खरं हवं, लिहिलेलं त्याचं स्वतःचं हवं. दहांतल्या नऊ अर्जांना मी नकारच कळवते. कुणी दुसऱ्याचा मजकूर उचललेला असतो. कुणी 'आठ दिवसांत बहिरेपणा गायब' म्हणून ठोकून दिलेलं असतं. एकानं तर एकाच पानावर कुत्र्यांचं खाणं, विम्याच्या पॉलिसी आणि आमची मशीनं मांडली होती. ज्यांचं पान बरं वाटतं त्यांना मी फोन करते, दोन शब्द बोलते आणि मगच हो म्हणते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आस्गर ब्रांडस्ट्रुप या माणसाचा अर्ज आला. वय एकोणऐंशी. धंदा : पियानो सुरात लावणे, आता निवृत्त. पत्ता थिस्टेडच्या पश्चिमेला, समुद्राच्या वाटेवरचा.

त्याचं पान उघडलं आणि मी कॉफी बाजूला ठेवली. ना रंग, ना जाहिराती. साधा पांढरा कागद असावा तसं. दोन वर्षांत त्यानं चौदा मशीनं विकत घेऊन, नाहीतर मागून आणून वापरली होती आणि प्रत्येकाविषयी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं हो! कुठलं मशीन वरच्या पट्टीत चिरकतं, कुठल्यात आपलेच दात आपल्याला ऐकू येतात, वाऱ्यात कुठलं फडफडतं... आमच्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना जमणार नाही असं. आयुष्यभर कानांवर पोट भरलेला माणूस होता तो. आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एक यादी.

भिंतीवरचं घड्याळ : ऐकू आलं.
पन्हळीतलं पाणी : ऐकू आलं.
शेतावरून जाणारी रानबदकं : ऐकू आली.
रिग्मोर, धुण्याच्या खोलीतून : ऐकू आली नाही.

चौदा लेख, चौदा याद्या. कुठे घड्याळ ऐकू आलेलं नव्हतं, कुठे बदकं. पण शेवटची ओळ कधीच बदललेली नव्हती.

मी प्रेबेनला दाखवलं. तो वाचून हसला. "बायको रागावली असेल. बोलतच नसेल बिचारी."

"चेष्टा नको. चौदाही मशीनं एका बाईच्या आवाजापाशी हरतात, असं कसं होईल?"

"मग विचार त्याला. महिन्याला चार माणसं वाचतात त्याचं पान. त्यातली एक तू."

नियमाप्रमाणे मी आधी नाव तपासलं. गावाच्या वर्तमानपत्रात तीन वर्षांपूर्वीची सूचना सापडली. रिग्मोर ब्रांडस्ट्रुप, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राहत्या घरी. मागे पती आस्गर आणि मुलगी विबेके.

दुःखानं माणसं काहीबाही करतात, हे मला इस्पितळापासून ठाऊक होतं. पण मेलेल्या बाईच्या नावानं मशीनची पारख केलेली, हे आमच्या दुकानाच्या लिंकखाली चालणार नव्हतं. नकार द्यायचा, पण कागदी उत्तर न पाठवता तोंडानं सांगायचा, असं ठरवून मी फोन लावला. दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर अंधारून येत होतं.

त्याच्याकडे बहिऱ्यांसाठीचा मोठ्या आवाजाचा टेलिफोन असावा. आवाज घुमत होता. "अर्जाचं म्हणता? वाचलंत का हो बाई तुम्ही? सगळं?"

"सगळं वाचलं. फार सुंदर लिहिता तुम्ही. पण त्या शेवटच्या ओळीबद्दल..."

तेवढ्यात पलीकडून, त्याच्या मागून, जरा लांबून एक बाई म्हणाली, "आस्गर, दार लाव रे. गार वारा येतोय."

मी थांबले. तो मात्र बोलतच राहिला, बॅटऱ्या किती दिवस टिकतात वगैरे. बाई पुन्हा म्हणाली, "आस्गर... ऐकतोस ना?"

मला वाटलं, बहुतेक मुलगी आली असेल. "ब्रांडस्ट्रुप, तुमच्याकडे कुणी आलंय का? त्या तुम्हाला हाक मारताहेत."

पलीकडे नुसतं घड्याळ ऐकू येत होतं.

"काय... काय म्हणाली?"

"दार लावायला सांगताहेत."

"आवाज कसा होता? घोगरा होता का?"

"नाही. चांगला स्वच्छ होता. जरा हसरा."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हातारा माणूस रडू दाबतो तेव्हा येतो तसा एक आवाज आला. "बाई, धुराडी साफ करणाऱ्या माणसानं ऐकलंय तिला. औषधं द्यायला येते त्या नर्सनं ऐकलंय. ती तर आता उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा धुण्याच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसतं. मलाच तेवढं ऐकू येत नाही. तुम्ही मशीनं बसवायच्या ना इस्पितळात? तुमच्या कंपनीच्या पानावर लिहिलंय. याल का? एकदा?"

नकार द्यायला फोन केला होता मी. हो म्हणून ठेवला.

बुधवारी जेवण उरकून मी निघाले. आमच्याकडचं सगळ्यात भारी मशीन, दुकानातही न आलेलं, तपासणीची म्हणून असलेली जोडी मी सोबत घेतली. समुद्राकडून धुकं येत होतं. तिकडची झाडं एकाच अंगाला वाकलेली असतात, माहीत आहे ना, सगळी जणू कुणापासून तोंड फिरवून उभी. घर लांबोळकं, बसकं. एका टोकाला त्याची कामाची खोली, दुसऱ्या टोकाला धुण्याची. मध्ये लांब अरुंद बोळ.

आस्गर दारातच उभा होता. उंच, इस्त्रीचा सदरा घातलेला. कामाच्या खोलीत त्यानं कॉफी ओतली, नाताळची पातळ मसाल्याची बिस्किटं बशीत मांडली आणि माझ्यासमोर बसला, शाळेत पहिल्या दिवशी मूल बसतं तसा.

मी त्याच्या कानांचं मोजमाप घेतलं, मशीन जुळवलं. ते चालू होताच त्यानं मान वर केली. "घड्याळ... तुमच्या बाहीची सळसळसुद्धा येतेय. बाई, हे फार चांगलं आहे."

मग त्यानं आपणहून सांगितलं. तीन वर्षांपूर्वीची दुपार. तो या टोकाला एका जुन्या पियानोच्या हातोड्यांवर काम करत बसला होता. मशीनं कानात शिट्टी मारतात म्हणून काढून ठेवलेली. रिग्मोर त्या टोकाला धुण्याच्या खोलीत पडली. दुपारची पडलेली ती त्याला संध्याकाळी सापडली. "डॉक्टर म्हणाले, दोन तास शुद्धीवर असणार. दोन तास, बाई. तिनं बोलावलंच असेल. आपल्या परीनं... बोलावलंच असेल."

"तुम्हाला काय हवंय, ब्रांडस्ट्रुप?"

"काही नाही. एकदा ओ द्यायची आहे."

खिडकीतला उजेड विझत चालला होता. त्यानं दिवा लावला नाही, मलाही सुचलं नाही. घरात साबणाचा वास होता आणि त्याखाली ओल्या लोकरीचा, ओल्या सिमेंटचा. तीन वर्षं तिथं कुणी धुणं धुतलं नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"आस्गर..."

मी कप खाली ठेवला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आली का?"

मी मान हलवली. त्यानं दोन्ही कानांवर तळवे धरले, मशीनवर बोटं फिरवली, डोळे मिटले. "नाही हो. बदकं ऐकू येताहेत लांबची. ती नाही."

"आस्गर, दार लाव रे..."

मी उठले. का उठले, सांगता येत नाही. भीती होतीच, पण वीस वर्षं मी माणसं आणि आवाज यांच्यामध्येच उभी राहत आले होते. बोळातून त्या टोकाला गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत कपडे धुण्याचं मशीन, रिकामी दोरी, खुंटीला निळं एप्रन. कुणी नव्हतं. खोली इतकी गार होती, की माझा श्वास मला दिसला. आणि आवाज त्या खोलीच्या मधूनच आला, जमिनीलगत, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवरून. पडलेल्या माणसाचा येईल तसा.

"ऐकतोस ना...?"

मी मागे वळले. आस्गर बोळाच्या त्या टोकाला भिंतीला धरून उभा होता. मी हात वर केला, कान तपासताना रोग्याला खूण करायचे तसा.

"आता," मी म्हणाले. "आत्ता बोला."

"आलो गं," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "रिग्मोर, ऐकतोय मी. आलो. आलो."

आवाज थांबला. गारवासुद्धा थांबल्यासारखा वाटला. एक मिनिट गेलं असेल. मला वाटलं, संपलं. सुटली बिचारी. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

आणि आस्गरनं मान एका बाजूला कलती केली.

"बाई," तो कुजबुजला, "ही... ही कोण बोलली?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्याचा चेहरा असा उजळला, की त्याच्याकडे बघवेना. बोळातून तो चालत आला, माझ्या अंगावरून, मी तिथं नसल्यासारखा, आणि दारात जाऊन उभा राहिला. ऐकत. मधूनच हसत. "हो. हो गं. माहीत आहे मला." मी कान टवकारले, जीव एकवटून ऐकलं. पन्हळीतून पाणी गळत होतं. बाकी काही नाही.

"काय म्हणताहेत त्या?" मी विचारलं.

तो वळला. हसूच होतं तोंडावर. "म्हणते, बाईंना आता जाऊ दे."

मी गेले. खरं सांगायचं तर पळाले. मशीनची जोडी त्याच्या कानांतच राहिली. गाडीत बसल्यावर मागे पाहिलं, तर घरात दिवा लागलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज मी मंजूर केला. एका ओळीचं पत्र पाठवलं : 'तुमचं स्वागत आहे.' उत्तर आलं नाही. फोन लावला तर एंगेज. दुपारी एंगेज, संध्याकाळी एंगेज, दुसऱ्या दिवशीही. मी मनाची समजूत घातली, की बोलत असेल कुणाशी. नाताळ तोंडावर होता, आमच्याकडे अर्जांचा ढीग पडला होता. पुन्हा जायला हवं होतं. गेले नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विबेके आली, त्याची मुलगी. पन्नाशीची, ऑर्हूस शहरात शिकवणारी, बापासारखीच उंच. एका स्वच्छ रुमालात तिनं आमची मशीनची जोडी गुंडाळून आणली होती.

"बाबांच्या खिशात सापडली. तुमच्या कंपनीची चिठ्ठी होती सोबत."

नाताळच्या आदल्या आठवड्यात शेजाऱ्याला तो धुण्याच्या खोलीत मिळाला होता. खुर्ची नेऊन बसला होता, मांडीवर हात, दार आतून लावलेलं. हृदय बंद पडलं. मशीनं काढून, त्यांतल्या बॅटऱ्या वेगळ्या करून सदऱ्याच्या खिशात नीट ठेवलेली.

"त्रास झाला नसावा," ती म्हणाली. "चेहरा फार शांत होता म्हणे. ते मशीनशिवाय कधी बसत नसत हो शेवटी शेवटी. तेव्हा का काढली असतील?"

मला गप्प राहता आलं असतं. राहायला हवं होतं. पण तिचे डोळे बापाचे होते, आणि महिनाभर ते सगळं माझ्या छातीवर बसलं होतं. मी सांगितलं. फोन, हाका, बोळ, त्यानं दिलेली ओ.

"कसा होता म्हणालात आवाज?"

"स्वच्छ. हसरा."

विबेकेनं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "आईला आवाज नव्हता," ती म्हणाली. "आधी घोगरा झाला, मग जाण्याआधी पाच वर्षं घशाचं ऑपरेशन झालं होतं. सगळं काढून टाकलं होतं. एक शब्द बोलता येत नव्हता तिला. काही हवं असलं, की लाकडी चमच्यानं पाइपवर ठोकायची. त्या दिवशीसुद्धा... चमचा हातात होता तिच्या."

माझ्या टेबलावर फोन वाजत होता, तो मी वाजू दिला. 'आवाज घोगरा होता का?' असं त्यानं का विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्याला वाटलं होतं, तिला तिचा आवाज परत मिळाला. मीच त्याला तसं सांगितलं होतं. आणि ओ देण्यासाठी हात वर केला होता, तोही मीच.

"मग ती कोण होती?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आईच," ती म्हणाली, फार हळू. "बहुतेक. मी तिचा आवाज विसरलेच होते, बिर्थे. कुठे टेपवरसुद्धा नाही आमच्याकडे. सोमवारपासून मी त्या घरात राहतेय, आवराआवर करायला. दुपारी चार वाजले, की त्या टोकाकडून कुणीतरी म्हणतं... 'विबेके, दार लाव गं.' मी सहा वर्षांची होते तेव्हा म्हणायची तसं. अगदी तसं."

"तुम्ही काय करता?"

"काही नाही. बसून राहते. ओ दिलेली नाही अजून."

"देऊ नका." मी तिचं मनगट धरलं. "विबेके, ऐका माझं. घर विकून टाका. आज जाऊ नका तिकडे. ती ओ देऊ नका."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, हे सगळ्यात वाईट. "तुम्ही बाबांना द्यायला लावलीत," ती म्हणाली. "ते सुखानं गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. तुमचे आभार मानायलाच आले होते मी."

तिनं कोट घातला, गळ्याला शाल गुंडाळली. मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले, काही ना काही बोलत होते, माझ्याकडे राहा म्हणत होते, जेवायला थांबा म्हणत होते. ती चार पायऱ्या उतरली आणि थांबली. मान एका बाजूला कलती केली. खाली बंद बेकरीचं अंधारं दार होतं, आणि भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला काहीही ऐकू आलं नाही.

विबेके हसली.

"हो," ती खाली बघत म्हणाली. "आले गं."